नगरच्या पाद्र्याचं नाव लागलेला पक्षी

कोडाईकनालच्या तळ्याकाठच्या झुडपांत सकाळी 'पी-कोको, पी-कोको' असा खिदळल्यासारखा कालवा उठतो. एकाने सुरुवात केली की बाकीचे लगेच सूर मिसळतात. डोक्यावर काळपट टोपी, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई, छाती करडी, पोट तांबूस. हा पलानी लाफिंगथ्रश. नावात थ्रश असला तरी हा कस्तूर नव्हे. आपल्या अंगणात कलकलाट करणाऱ्या सातभाईंच्याच कुळातला आहे, आणि आवाज ऐकल्यावर ते पटतंही.

त्याचं शास्त्रीय नाव मोन्टेसिन्क्ला फेअरबँकी. यातले फेअरबँक म्हणजे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युअल फेअरबँक. पक्ष्यांचा त्यांना भारी नाद. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर भागातल्या पक्ष्यांची त्यांची यादी 1876 मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांच्या नियतकालिकात छापून आली. हा पक्षी मात्र त्या मुलखातला नाहीच. तो त्यांना मिळाला दूर दक्षिणेत, पलानीच्या डोंगरात. भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांनी 1869 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव फेअरबँक यांचं दिलं.

पुढे वर्गीकरणाचा गोंधळ सुरू झाला. केरळातल्या वायनाडच्या बाणासुर डोंगरातला याचाच एक भाऊबंद, करड्या छातीचा जेर्डोनी, 1851 पासूनच माहीत होता. छाती दोघांचीही करडी, म्हणून फेअरबँकीला कित्येक दशकं त्याचीच उपजाती धरलं गेलं. निलगिरीचा तांबूस छातीचा तेवढा वेगळा ठेवला. म्हणजे रंगावरून नातं जुळवलं, नकाशाकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

नकाशावर तर उत्तर ढळढळीत दिसतं. निलगिरी आणि बाणासुर हे दोन्ही पश्चिम घाटातल्या पालघाट खिंडीच्या उत्तरेला. पलानी, अनैमलई, मुन्नार दक्षिणेला. हे पक्षी उंचावरच्या शोला जंगलात, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सदाहरित रानात, आणि त्याच्या कडेच्या झुडपांत राहणारे, फारसे लांब न उडणारे. मधली काही कोसांची सखल, तापलेली जमीन त्यांच्या दृष्टीने समुद्रच. त्याहून दक्षिणेला अचनकोविल खिंड, आणि तिच्या पलीकडे आखूड भुवईचा मेरिडिओनॅलिस. 2005 च्या सुमारास उत्तरेचे दोघे एका जातीत आणि दक्षिणेचे दोघे दुसऱ्या जातीत, अशी नवी जुळणी झाली. माझ्या मते खरं वळण तेच.

2017 मध्ये व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून या पक्ष्यांसाठी मोन्टेसिन्क्ला ही नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली, आणि आता चारही स्वतंत्र जाती मानल्या जातात. पश्चिम घाटाबाहेर यांतला एकही सापडत नाही. आधी ट्रोकॅलोप्टेरॉन, मग गॅरुलॅक्स, स्ट्रोफोसिन्क्ला, आता मोन्टेसिन्क्ला. आडनावं बदलत गेली, 'फेअरबँकी' तेवढं 1869 पासून जागचं हललेलं नाही.