सुवार्ताप्रसारासाठी आध्यात्मिक सिद्धता (गोवा)

ख्रिस्ती श्रद्धेची साक्ष दुसऱ्याला देण्यापूर्वी साक्ष देणाऱ्याने स्वतःची करावयाची आंतरिक तयारी. प्रार्थना, मनन, आत्मपरीक्षण, पापनिवेदन, उपवास आणि धर्मतत्त्वांचे शिक्षण ही तिची अंगे होत. बायबलमधील आधार म्हणून मुख्यतः तीन स्थळे सांगितली जातात : येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्यांनी पवित्र आत्म्याची वाट पाहत यरुशलेमेत प्रार्थनेत घालवलेले दिवस (प्रेषितांची कृत्ये 1), पौलाने वर्णिलेली आत्मिक शस्त्रसामग्री (इफिसकरांस 6) आणि आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, हा पेत्राचा उपदेश (1 पेत्र 3:15). नवेनेचे (नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे) मूळ यांपैकी पहिल्या प्रसंगात शोधण्याची परंपरा आहे.

पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेचे गोवा हे केंद्र असल्याने या सिद्धतेला येथे लवकरच संस्थात्मक रूप आले. मिगेल व्हाझ आणि दियोगु द बोर्बा यांनी 1541 मध्ये स्थापन केलेला सांता फे बंधुसंघ आणि त्याला जोडलेले विद्यालय हा तिचा आरंभ मानता येईल; हेच विद्यालय पुढे येशूसंघाच्या (जेझुइट) सेंट पॉल महाविद्यालयात विलीन झाले. येशूसंघीय धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. रस्त्यांतून घंटा वाजवत मुलांना दोतोर्नासाठी (धर्मशिक्षणासाठी) बोलावणारा झेवियर सर्वपरिचित आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र 1549 मध्ये होर्मुझला निघालेल्या गास्पार बार्झेउस या सहकाऱ्यास त्याने दिलेल्या लेखी सूचना अधिक मोलाच्या आहेत. प्रचारकाने आधी स्वतःच्या विवेकाची काळजी घ्यावी, कारण जो स्वतःला सावरत नाही तो इतरांना काय सावरणार, असा त्यांचा आशय आहे. त्या ठिकाणच्या लोकांचे व्यवहार व दोष माणसांकडूनच समजून घ्यावेत, कारण माणसे हे जिवंत ग्रंथ होत, असेही त्यात सुचवले आहे.

येशूसंघीयांच्या तयारीचा कणा म्हणजे संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’. पोप तिसऱ्या पॉलने 1548 मध्ये त्यांस मान्यता दिली. सुमारे तीस दिवस मौन पाळून चार ‘आठवड्यां’त क्रमाने पाप, ख्रिस्ताचे जीवन, दुःखसहन आणि पुनरुत्थान यांवर मनन करायचे, असा त्यांचा क्रम आहे. गोव्यात ‘रेतीर’ या नावाने ओळखली जाणारी वार्षिक एकांतसाधना हे त्याचेच आटोपशीर रूप होय. साष्टीतील (दक्षिण गोवा) रायतूरच्या विद्यालयाची पायाभरणी 1606 ची असून 1610 मध्ये तेथे वास्तव्य सुरू झाले; संस्थेचा उगम मात्र त्याआधीच्या मडगाव येथील शाळेत असल्याने स्थापनावर्षाबाबत एकवाक्यता नाही. येशूसंघीयांच्या 1759 मधील हकालपट्टीनंतर 1762 पासून तेथे धर्मप्रांताचे सेमिनार (पाद्री घडवणारे विद्यालय) चालू झाले.

भाषाज्ञान हा या सिद्धतेचा भाग मानावा की केवळ साधन, याविषयी मतभेद संभवतो. स्थानिक भाषा न शिकलेल्या पाद्रीकडे चर्चचा कारभार सोपवू नये, असे 1606 च्या प्रांतिक धर्मसभेने ठरवले होते. त्यावरून तत्कालीन धुरीणांना तरी ती पूर्वअट वाटत असावी. थॉमस स्टीफन्स (सु. 1549–1619) 1579 मध्ये गोव्यात आला व त्याने आयुष्याचा मोठा काळ साष्टीत काढला. 1616 मध्ये रायतूर येथे छापलेले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत असून त्यात कोकणीची सरमिसळ आहे. पुराणश्रवणाला मुकलेल्या नवख्रिस्तींसाठी ते रचले, ही परंपरागत समजूत सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते. हिंदू धर्माची पुस्तके जाळणारी व्यवस्था आणि पुराणाची चौकट उसनी घेणारा धर्मोपदेशक एकाच काळात वावरत होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

गोवेकरांची स्वतःची परंपरा ऑरेटरी या पाद्र्यांच्या संघापासून सुरू होते. युरोपीय धर्मसंघांची दारे स्थानिक पाद्र्यांना बहुधा बंद होती. दिवाडीच्या मातेउश द काश्त्रु याला बिशपपद मिळाले (1637) तेही रोममध्ये. संघजीवनाची ओढ असलेल्या गोमंतकीय पाद्र्यांसाठी त्यामुळे वेगळी वाट काढणे भाग होते. संघाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार पाश्कोआल द कोश्त जेरेमियश याने 1682 मध्ये बाती येथे सोबत्यांसह सामुदायिक जीवन सुरू केले, तीच स्थापना होय. दुसऱ्या मतानुसार जोसेफ वाझ (जुझे वाझ) 1685 मध्ये जुने गोवे येथील सांताक्रूझ दोश मिलाग्रिश चर्चमधील या मंडळात दाखल झाला व त्याने सेंट फिलिप नेरीच्या ऑरेटरीच्या धर्तीवर त्यास नियम घालून दिले. म्हणून खरा संस्थापक तोच. सेबाश्तियांव दु रेगु याचे 1745 मध्ये प्रसिद्ध झालेले वाझचरित्र स्वाभाविकच चरित्रनायकाकडे झुकते. संतपदाच्या प्रक्रियेसाठी लिहिल्या गेलेल्या पुढील साहित्यानेही तोच सूर लावला. मंडळ 1685 पूर्वी अस्तित्वात होते हे दोन्ही पक्षांना मान्य असल्याने आरंभ 1682 चा आणि नियमबद्ध स्वरूप 1685 नंतरचे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. संघाचे सदस्य शपथबद्ध नसत. नियम, सामायिक प्रार्थना आणि आज्ञापालन यांवरच त्यांची शिस्त उभी होती.

वाझचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी बाणावलीस झाला. वडिलांचे घर सांकवाळचे. 1676 मध्ये त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. 5 ऑगस्ट 1677 रोजी त्याने सांकवाळच्या चर्चमध्ये मरियेचा दास म्हणून स्वतःला वाहून घेणारे दास्यपत्र लिहिले. पुढे कानडा प्रांतातील (आजचा किनारी कर्नाटक) कामानंतर 1687 मध्ये तो श्रीलंकेच्या डचांच्या ताब्यातील किनारी भागात हलक्या मजुराच्या वेषात शिरला. तेथे कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती. जॉन नावाचा सेवक बरोबर होता. तमिळ व सिंहली शिकून त्याने विखुरलेले ख्रिस्ती पुन्हा जोडले. 16 जानेवारी 1711 रोजी कँडी येथे त्याचे निधन झाले. 1995 मध्ये त्याला धन्य (संतपदाआधीची पायरी) व 14 जानेवारी 2015 रोजी संत घोषित करण्यात आले. दिवाडीचा जाकोम गोंसाल्विश (1676–1742) हा त्याचा सिंहली-तमिळ ग्रंथकार सहकारी. पोर्तुगालने धर्मसंघ बंद केल्यावर 1835 मध्ये गोव्यातील ऑरेटरी संपली. तिच्या चर्चचे अवशेष जुने गोवे येथील टेकडीवर आहेत, तर तेथील चमत्काराचा क्रूस से कॅथेड्रलमध्ये ठेवला आहे.

ही परंपरा पुढे पिलार संघाने चालवली. बेंतु मार्तिंश याने 1887 मध्ये आगोंद येथे स्थापन केलेल्या या संघाची 1939 मध्ये पिलार येथे पुनर्रचना झाली. हणजुणेचा आञेलु द सौझा (1869–1927) याच संघाचा. रायतूर सेमिनारमध्ये तो विद्यार्थ्यांचा आध्यात्मिक मार्गदर्शक होता. 1986 मध्ये त्याला ‘वंदनीय’ (धन्यपदाआधीची पायरी) ठरवण्यात आले.

सामान्य भाविकांची तयारी घर आणि वाडा यांत होते : संध्याकाळचा तेर्स (जपमाळ), क्रूसाजवळचे लादाइन्य (सामूहिक स्तुतिप्रार्थना), कोरेज्मातील (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील) उपवास व कुमसार (पापनिवेदन). झेवियरच्या 3 डिसेंबरच्या फेस्ताआधीच्या (सणाआधीच्या) नवेनेत रोजच्या प्रवचनांतून साक्षीजीवनाचा विषय हाताळला जातो. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेच्या 1965 मधील धर्मप्रसारविषयक फर्मानानंतर ही जबाबदारी केवळ पाद्र्यांची न राहता प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्याची मानली जाऊ लागली. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळातील झेवियरच्या अवशेषांच्या प्रदर्शनाचे ‘आम्ही सुवार्तेचे दूत’ या आशयाचे बोधवाक्य याच दिशेचे होते.

गोव्याच्या संदर्भात ‘साक्ष’ आणि ‘सक्ती’ यांतील सीमा टाळून पुढे जाता येत नाही. 1560 ते 1812 या काळात, मध्ये थोड्या वर्षांचा खंड वगळता, येथे इंक्विझिशन (धर्मविरोधी आचरण शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय) होते. 1583 मध्ये कुंकळ्ळीला पाच येशूसंघीय गावकऱ्यांकडून मारले गेले आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना पोर्तुगीजांनी असोळणे येथे बोलावून ठार केले. या पाच येशूसंघीयांना 1893 मध्ये धन्य घोषित केले गेले. कुंकळ्ळीकरांच्या स्मृतीत मात्र गावकरी हेच वीर आहेत. तयारीविषयीच्या जुन्या लेखनात प्रचारकाच्या अंतःकरणाची चर्चा पुष्कळ आढळते, श्रोत्याच्या स्वातंत्र्याची त्या मानाने फारच थोडी. आजच्या विवेचनात पेत्राच्या वचनातील सौम्यता व आदर या शब्दांवर भर दिला जातो. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य आहे. धर्मांतर करवण्याचा हक्क त्यात अंतर्भूत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लाउस खटल्यात 1977 मध्ये दिला.