पार्श्वभूमी : आदिवासी वसतिगृहं, 'स्वयं'चा हप्ता आणि बंद झालेली मेस

बारावीचा निकाल लागला की गडचिरोली, देवरी, पांढरकवडा, धारणीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत मुलामुलींची गर्दी सुरू होते. वसतिगृहाची यादी लागली का, वसतिगृहाऐवजी खात्यात पैसे देणाऱ्या 'स्वयं' योजनेचा फॉर्म कुठे भरायचा, व्हॅलिडिटीला, म्हणजे जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीला, कोणते कागद लागतात, हे तिथले नेहमीचे प्रश्न. आदिवासी विद्यार्थ्याला पदवीपर्यंत नेण्यासाठी सरकारने जे काही उभं केलं, ते वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी उभं राहिलं, म्हणून ते आजही एकमेकांत नीट बसत नाही.

दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी १९४४-४५ साली सुरू झाली आणि १९४८-४९ मध्ये अनुसूचित जमातींना लागू झाली. विदर्भाच्या आतल्या भागात तिचा उपयोग फार थोड्यांना झाला. कॉलेज होतं नागपूर-अमरावतीला, आणि तिथपर्यंत पोहोचणारा मुलगा विरळा. दुसरी अडचण कागदावरची होती. १९७६ पर्यंत विदर्भात जमातींची सवलत ठरावीक तहसिलींपुरतीच होती : मेळघाट, गडचिरोली आणि सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ. एवढ्याच ठिकाणचा गोंड सरकारदरबारी आदिवासी. रामटेकचा किंवा देवरीचा गोंड त्याच कुळाचा, तेच देव मानणारा, पण यादीबाहेर. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठलं. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी लोकांचं शिक्षण या एका अटीने अडलं, आणि त्याची भरपाई पुढे कुठल्याच योजनेने केली नाही.

पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना आली, त्यापाठोपाठ प्रकल्प कार्यालयं उघडली. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, १९८३ मध्ये राज्यात आदिवासी विकासाचं स्वतंत्र खातं. १९९३-९४ पासून लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे नऊ टक्के, निधी या उपयोजनेसाठी वेगळा काढायला सुरुवात झाली. याच काळात तालुक्यातालुक्यांत शासकीय वसतिगृहं वाढली. आज राज्यात ती पाचशेच्या घरात आहेत.

वसतिगृह म्हणजे त्या काळी काय होतं, हे पुढचा वाद समजण्यासाठी लक्षात घ्यायला हवं. खोली, नाश्ता, दोन वेळचं जेवण, पुस्तकांचे पैसे, थोडा निर्वाह भत्ता, आणि गृहपाल. घरी माडिया बोलणारी, आश्रमशाळेत मराठी शिकलेली मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आली की एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसते. तिच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नसतं. परीक्षा फॉर्मची तारीख, फ्रीशिपचा म्हणजे फीमाफीचा अर्ज, आजारी पडल्यावर कोणत्या दवाखान्यात जायचं, हे सांगणारा माणूस म्हणजे गृहपाल. सगळेच गृहपाल चांगले होते असं नाही. काही तर वसतिगृहात राहतही नसत. तरी जबाबदारी कोणाची, हे ठरलेलं होतं.

विद्यापीठाचं अंतर हा वेगळा भाग. गडचिरोली-चंद्रपूरची कॉलेजं २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेत नावाची चूक झाली तर सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला नागपूर गाठावं लागे. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झालं आणि हा फेरा गडचिरोलीपर्यंत आला, जो सिरोंच्याहून अजूनही दोनशे किलोमीटरच्या वर आहे. प्रवेशाचा सगळा हंगाम पावसाळ्यात येतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि यादीतलं नाव पाहायलाही कोणी बाहेर पडू शकत नाही. प्रवेशाची मुदत मुंबई-पुण्याच्या हिशेबाने ठरते, त्यात या पुराचा विचार कधी दिसलेला नाही.

कॉलेजं वाढली, मुलं वाढली, वसतिगृहातल्या जागा तेवढ्या वाढल्या नाहीत. त्यावर २०१६ मध्ये पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना आली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात जेवण, भाडं आणि निर्वाहाचे पैसे टाकायचे, खोली त्याने स्वतः शोधायची. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांसाठी ५१,००० आणि बाकी जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० असा दर सुरुवातीला ठरला. या शेवटच्या रकमेत भाड्याचे १२,००० धरलेले होते, म्हणजे महिन्याला हजार रुपये. योजना चुकीची नव्हती. जागा नाही म्हणून गावी परत जाण्यापेक्षा ती केव्हाही बरी, आणि तिच्यामुळे पदवीधर झालेली मुलं आज प्रत्येक तालुक्यात भेटतात. पण 'स्वयं'च्या मुलाला गृहपाल नाही. घरमालक आहे.

मग ५ एप्रिल २०१८ चा शासन निर्णय आला. महापालिका आणि जिल्हा पातळीवरच्या शासकीय आदिवासी वसतिगृहांतली मेस बंद करायची आणि जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात द्यायचे. मोठ्या शहरांत महिना ३,५०० रुपये, जिल्ह्याच्या ठिकाणी ३,०००. तालुक्याच्या वसतिगृहांतली मेस तेवढी राहिली.

हा निर्णय कुठून आला हे सांगितल्याशिवाय त्याच्यावर बोलणं योग्य होणार नाही. वसतिगृहाची मेस ठेक्यावर चाले. पातळ वरण, कच्च्या पोळ्या, अंडी-फळं कागदावरच, या तक्रारी वर्षानुवर्षांच्या होत्या आणि त्यासाठी मुलांनीच कितीदा ताटं घेऊन कार्यालयासमोर ठिय्या दिला होता. खात्याच्या खरेदीचा इतिहासही वाईट होता. २००४ ते २००९ या काळातल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी २०१४ मध्ये निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमावी लागली होती. वस्तूंऐवजी पैसे थेट लाभार्थ्याला द्यायचे, हे धोरण तेव्हा सगळ्याच खात्यांत रुजत होतं. ठेकेदार मधून काढला की चोरी थांबेल आणि मुलगा त्याला हवं ते खाईल, ही मांडणी ऐकायला सरळ होती. काही मुलांनाही ती पटली होती, विशेषतः नागपूरला राहणाऱ्या, जिथे दर गल्लीत खानावळ आहे.

गडचिरोलीत तशी गल्ली नाही. तीन हजार म्हणजे दिवसाला शंभर रुपये, त्यात नाश्ता आणि दोन जेवणं. डबा लावायचा तर महिन्याचे पैसे आगाऊ द्यावे लागतात. सरकारचा हप्ता आगाऊ येईल असं सांगितलं गेलं, प्रत्यक्षात तो महिने-महिने रखडल्याच्या तक्रारी पहिल्याच वर्षापासून सुरू झाल्या. मेसवाला उधार देतो तो एक-दोन महिने. त्यानंतर मुलं एका डब्यात दोघं जेवतात किंवा रात्रीचं जेवण सोडतात. खोलीत शेगडी लावायला वसतिगृहात मनाई असते, म्हणजे स्वतः रांधायची वाटही बंद.

मुलींचा प्रश्न याहून मोठा होता आणि निर्णय घेताना त्याचा विचार झाल्याचं कुठे जाणवत नाही. मेस आत असताना मुलगी संध्याकाळी सहानंतर फाटकाबाहेर पडत नसे. मेस बंद झाल्यावर रात्रीच्या जेवणासाठी तिला बाहेर जावं लागलं, किंवा डबा आणणाऱ्या अनोळखी माणसाची फाटकावर वाट पाहावी लागली. ज्या आईबापांनी केवळ सरकारी वसतिगृह आहे म्हणून मुलीला एटापल्लीहून गडचिरोलीला पाठवलं, त्यांच्यासाठी ही एकच गोष्ट तिला परत बोलावून घ्यायला पुरेशी होती.

आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी असते. घरात रोख पैसा नसतो, मजुरी द्यायची असते, खत घ्यायचं असतं. अशा वेळी शिकणाऱ्या पोराच्या खात्यात तीन महिन्यांचे नऊ हजार एकदम पडले, तर ती त्या घरातली सगळ्यात मोठी रक्कम असते. बाप मागतो आणि पोरगा देतो. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी ते घर पाहिलेलं नाही. ताटातला भात कोणी गावी पाठवू शकत नाही, पैसे पाठवावेच लागतात. मेस चालू असणं म्हणजे मुलाच्या जेवणाला घरच्या गरजेपासून मिळालेलं संरक्षण होतं, आणि माझ्या मते या निर्णयाने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान इथे आहे.

दरातली विसंगतीही पाहण्यासारखी आहे. गडचिरोलीत 'स्वयं'च्या विद्यार्थ्याला जेवणासाठी वर्षाला २५,००० धरले होते. वसतिगृहातल्या मुलाला महिना ३,०००, म्हणजे दहा महिने धरले तरी ३०,०००. गाव तेच, खानावळ तीच, भाताचा भाव तोच. दोन वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन कागदांनी एकाच वर्गातल्या दोघांची भूक वेगळी मोजली.

विरोध लगेच झाला. जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. नाशिक जिल्ह्याच्या हद्दीत पोलिसांनी मोर्चा अडवून त्यांना ताब्यात घेतलं. विदर्भातही ठिकठिकाणी निवेदनं दिली गेली, धरणं झाली. मागणी साधी होती : मेस चालू करा आणि ठेकेदारावर लक्ष ठेवा. जेवणावर देखरेख ठेवण्यासाठी मुलांचीच समिती नेमायचा पर्याय समोर होता. तो अवघड होता, त्याला रोज लक्ष द्यावं लागलं असतं. खात्यात पैसे टाकणं त्यापेक्षा सोपं होतं.

शिष्यवृत्तीचंही याच सुमारास ऑनलाइन स्थलांतर झालं. राज्याचं एकत्रित पोर्टल २०१७-१८ मध्ये आलं, पहिल्या वर्षी इतकं अडखळलं की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. आधार जोडलेलं खातं, ई-केवायसी, ओटीपी, हे सगळं टॉवर नसलेल्या गावातून करायचं. मुलं झाडावर किंवा टेकडीवर चढून रेंज शोधत. मार्च २०२० मध्ये वसतिगृहं रिकामी झाली तेव्हा ऑनलाइन वर्गसुद्धा त्या झाडा-टेकडीवरूनच करावे लागले. शिष्यवृत्तीची रक्कम किती, तर २०१० साली ठरलेल्या दरांप्रमाणे घरून ये-जा करणाऱ्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला महिना ३०० रुपये निर्वाह भत्ता.

व्हॅलिडिटीचा विषय स्वतंत्र लिहावा इतका मोठा आहे. क्षेत्रबंधन उठल्यावर खोट्या दाखल्यांचा प्रश्न खरंच निर्माण झाला. त्यातून दाखल्यांच्या तपासणीबद्दलचा १९९४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, मग २००१ पासून लागू झालेला राज्याचा कायदा. खऱ्या आदिवासींच्या जागा वाचवण्यासाठी तपासणी हवी, याबद्दल गावागावांत दुमत नाही. पण ६ सप्टेंबर १९५० च्या, म्हणजे जमातींची यादी निघाली त्या तारखेच्या, आधीचा पुरावा मागितला जातो तेव्हा ज्याच्या आजोबाने शाळा पाहिली नाही त्याच्याकडे शाळेचा दाखला कुठून येणार? मग कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल शोधायला तहसिलीच्या रेकॉर्ड रूमला खेटे घालायचे, आणि ते पान वाळवीने खाल्लेलं निघालं तर इंजिनिअरिंगची जागा हातची जायची वेळ येते. शिकलेल्या कुटुंबाची फाइल पूर्ण असते. तपासणीचा सगळ्यात जास्त त्रास बरेचदा त्यालाच होतो ज्याच्या आदिवासी असण्याबद्दल गावात कोणाला शंका नसते.

कॉलेजच्या आत काय बदललं, तर नियम बदलले. २०१२ च्या केंद्रीय नियमावलीने भेदभावविरोधी अधिकारी आणि समान संधी कक्ष सांगितला. २०२१ पासून राज्यात कॉलेजांमध्ये समान संधी केंद्रं सुरू झाली, त्यांचा भर शिष्यवृत्तीच्या अर्जांवर. ग्रामीण कॉलेजांत अनेक ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापकाकडे दिलेलं असतं, ज्याच्याकडे आधीच एनएसएस आणि परीक्षा विभाग आहे, आणि जो कधी कधी स्वतःच तासिका तत्त्वावर असतो. गोंडवाना विद्यापीठाने 'विद्यापीठ आपल्या गावात'सारखा उपक्रम काढून पदवीचे वर्ग गावापर्यंत नेले, हा यातला वेगळा आणि आशादायक प्रयत्न.

येत्या काळात हप्त्याची रक्कम वाढवण्याची मागणी होतच राहील आणि ती व्हायलाही हवी. तिच्यासोबत दोन जुन्या गोष्टी मागायला हव्यात : मुलींच्या प्रत्येक वसतिगृहात आतली मेस, आणि 'स्वयं'वर शिकणाऱ्या मुलांसाठी प्रकल्प कार्यालयात नेमलेला, फोन उचलणारा, पगारी माणूस.