ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील सफारी

ताडोबा-अंधारी हा चंद्रपूर जिल्ह्यातील व्याघ्र प्रकल्प असून हमखास वाघ दिसण्यासाठी तो देशभर ओळखला जातो. ताडोबा राष्ट्रीय उद्यान (१९५५) हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. त्याला लागून १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. मेळघाटनंतरचा हा राज्यातला दुसरा. गाभा क्षेत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘कोअर’, सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. त्याभोवती २०१० साली सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र घोषित झाले. २०२२ च्या व्याघ्रगणनेत प्रकल्पात ९७ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्या वर्षी संपूर्ण महाराष्ट्राचा आकडा ४४४ होता.

उद्यानाला नाव मिळाले ते गोंड लोकांच्या ‘ताडोबा’ किंवा ‘तारू’ या देवावरून. तारू हा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी आख्यायिका आहे. त्याचे ठाणे ताडोबा तलावाच्या काठी असून पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे. अंधारी ही वैनगंगेला मिळणारी नदी.

जंगल आणि पाणी

हे शुष्क पानझडी जंगल आहे. साग आणि बांबू सगळीकडे; त्यांच्या जोडीला ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू, ओढ्याकाठी अर्जुन आणि जांभूळ. कराया किंवा भुत्या या नावाने ओळखले जाणारे पांढऱ्या खोडाचे झाड उन्हाळ्यात निष्पर्ण उभे असते, आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाची नजर वाघाआधी त्याच्यावरच खिळते.

ताडोब्यात वाघ इतका सहज का दिसतो, याचे अर्धे उत्तर या पानगळीत आहे. फेब्रुवारीपासून साग उघडा पडू लागतो, गवत वाळून बसते आणि पावसाळ्यानंतर चार पावलांवरचे दिसत नव्हते तिथे नजर दूरवर जाऊ लागते. उरलेले उत्तर पाण्यात. ओढे आटतात आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की जनावरांची सगळी ये-जा ताडोबा, तेलिया, कोळसा यांसारखे तलाव आणि वनविभागाने केलेले पाणवठे यांच्याभोवती गोळा होते. अनेक पाणवठ्यांवर बोअरवेलचे पाणी सौरपंपाने सोडले जाते. वाघ पाण्यात उतरतो तो बहुधा उलटा: आधी मागचे पाय, मग कंबर, आणि तोंड काठाकडे ठेवून तासन्‌तास बसून राहतो. उन्हाळ्यातल्या सफारीचे बहुतेक प्रसिद्ध फोटो याच बैठकीचे असतात.

तिसरे कारण माणसांनी सोडलेल्या जागांचे आहे. गाभा क्षेत्रातली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे पुनर्वसन होऊन बाहेर गेली. त्यांच्या शेतांवर गवत वाढले, चितळांचे कळप आले आणि त्यांच्या मागे वाघ. जामणीचे कुरण आज पर्यटकांच्या आवडत्या जागांपैकी एक आहे. तिथे थांबलेल्या गाडीत आपण कोणाच्या तरी धानाच्या बांधीवर उभे आहोत, हे सहसा कोणी सांगत नाही, सांगायला हवे.

वाघाखेरीज बिबट, अस्वल, गवा, रानकुत्रे, सांबर, चितळ, नीलगाय, भेकर, चौसिंगा, रानडुक्कर इथे आहेत. ताडोबा तलावात मगरी आहेत. रानकुत्र्यांची टोळी शिकार करताना दिसणे हे वाघ दिसण्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ, पण त्यासाठी गाड्यांची रांग लागत नाही.

सफारीची व्यवस्था

कोअरमध्ये जाण्यासाठी मोहर्ली, खुटवंडा, नवेगाव, कोलारा, पांगडी आणि झरी अशी प्रवेशद्वारे आहेत. चंद्रपूरहून येणाऱ्याला मोहर्ली सोयीचे. नागपूरहून चिमूरमार्गे येणाऱ्याला कोलारा किंवा नवेगाव. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, मदनापूर ही बफरची द्वारे. आरक्षण ऑनलाइन होते. ओळखपत्र मूळ लागते आणि आरक्षणातल्या नावाशी ते जुळले नाही तर गेटवर वाद घालून उपयोग होत नाही. आठवड्याच्या शेवटी आणि सुट्ट्यांत दर चढे असतात. उन्हाळ्यातल्या तारखा बऱ्याच आधी संपतात.

उघडी जिप्सी, सहा पर्यटक, चालक आणि गाईड हा नेहमीचा हिशेब. सकाळची आणि दुपारची अशा दोन फेऱ्या होतात. सकाळची पहाटे गेट उघडताच सुरू होते. थंडीत तिला जाड कपडे लागतातच, कारण उघड्या गाडीतला डिसेंबरचा वारा विदर्भाच्या उन्हाळ्याइतकाच निर्दय असतो. मंगळवारी उद्यान बंद असते. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर पूर्ण बंद राहते आणि बफरमधल्या काही वाटा, रस्त्यांची स्थिती पाहून, चालू ठेवल्या जातात. गाडीतून उतरण्यास आणि कोअरमध्ये मोबाइल वापरण्यास मनाई आहे. मोबाइलवर बंदी आली २०१८ च्या अखेरीस. त्याआधी एका गाडीला वाघ दिसला की फोनाफोनी होऊन बाकीच्या गाड्या तिकडे धावत सुटत.

गाईड आणि चालक आजूबाजूच्या गावांतले असतात. मोहर्ली भागात महिला गाईडही आहेत. सफारीचा दर्जा गाडीपेक्षा गाईडवर ठरतो, आणि चांगला गाईड ओळखायची खूण सोपी आहे: तो गाडी वारंवार बंद करायला लावतो.

कारण वाघ डोळ्यांआधी कानांनी सापडतो. चितळाची तीव्र शिट्टीसारखी हाक, उंच फांदीवरच्या वानराचा खोकल्यासारखा आवाज आणि सांबराचा एकच खणखणीत ‘ढाँक’ हे ‘कॉल’. चितळ उगाचही बिचकते, त्यामुळे त्याच्या एका हाकेवर कोणी गाडी वळवत नाही. सांबर सहसा खोटे बोलत नाही. सांबर आणि वानर एकाच दिशेला तोंड करून ओरडू लागले, की वाघ किंवा बिबट चालत आहे असे धरतात. कॉल ज्या क्रमाने पुढे सरकतात त्यावरून तो रस्ता कुठे ओलांडेल याचा अंदाज बांधून गाडी आधीच तिथे लावली जाते. धुळीतले ठसेही वाचले जातात. ठशावरून गाडीचे चाक गेलेले असेल तर तो जुना; चाकाच्या खुणेवर ठसा उमटला असेल तर वाघ गाडीनंतर गेला आहे, म्हणजे थांबायला हरकत नाही. मोजणीसाठी मात्र ठशांचा आधार आता घेत नाहीत. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतून ते ओळखून संख्या काढतात.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री बफरमधल्या पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राणी न्याहाळण्याचा वनविभागाचा ‘निसर्गानुभव’ उपक्रम होतो. रात्रभर न बोलता बसायचे असते. वाघासाठी उतावीळ माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. साळिंदर, अस्वल आणि रातव्याची टकटक यांत ज्याला रात्र काढता येते त्याच्यासाठी सफारीपेक्षा हे सरस.

सहज दिसण्याची किंमत

ताडोब्यातले वाघ पिल्लू असल्यापासून गाड्या पाहत वाढतात. माया, वाघडोह ही नावे महाराष्ट्रभर पोहोचली ती या ओळखीमुळेच. ओळख गाडीशी असते, माणसाशी नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा बळी गेला, तो याच मायाच्या हल्ल्यात. जिप्सीतल्या पर्यटकांपुढून ती वर्षानुवर्षे शांतपणे चालत गेली होती.

गर्दीचा प्रश्न जुना आहे. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन थांबवले. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झाले, पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांसह. त्यानुसार गाभ्याच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनाला देता येत नाही. गाड्यांची संख्या द्वारागणिक ठरलेली असते. तरी वाघ रस्त्यावर आला की त्या ठरलेल्या गाड्याही एकाच वळणावर जमतात. शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४ च्या अखेरीस एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी गाड्यांनी अडवले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी ताडोब्याच्या बफरमध्ये पाण्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चालणाऱ्या वाघाची चित्रफीत देशभर फिरली होती.

बफरमधल्या गावांचा हिशेब आणखी वेगळा आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, आणि दोन्ही कामे वाकून, झुडपांत करायची. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दगावणाऱ्यांपैकी अनेक जण असे जंगलात कामाला गेलेले असतात. नुकसानभरपाई, शेतांना सौर कुंपण, गॅसजोडण्या, गावांतून प्राथमिक बचाव पथके असे उपाय चालू आहेत. होमस्टे, गाईडचे काम आणि प्रवेशशुल्कातला वाटा यांमुळे प्रवेशद्वारांजवळच्या गावांत पैसा आला. गेटपासून दूर असलेल्या गावांच्या वाट्याला वाघ येतो, पर्यटक येत नाही.

संख्या वाढल्यावर तरुण वाघ नवी हद्द शोधत ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावलीकडच्या धानपट्ट्यात उतरतात. काहींना मुद्दाम हलवले जाते. २०२४ साली ताडोब्यातल्या दोन वाघिणी ओडिशातल्या सिमिलीपालला गेल्या, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आली.