लॅम्डाचा पंधरा अक्षरी पत्ता

ई. कोलाय जीवाणूचा के-12 हा वाण 1922 पासून अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत वाढतोय. त्याच्या पोटात एक विषाणू ठाण मांडून बसलाय, हे वर्षानुवर्षं कुणाच्या गावीही नव्हतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात एस्थर लेडरबर्ग यांनी के-12 हा त्याच्याच एका बदललेल्या, विषाणू गमावून बसलेल्या वाणासोबत वाढवला आणि बशीतल्या जीवाणूंच्या थरात कुरतडल्यासारखी भोकं दिसू लागली: तिथले जीवाणू विषाणूनं मारले होते. 1951 मध्ये शोध प्रसिद्ध झाला. विषाणूचं नाव लॅम्डा.

लॅम्डाचा दुपदरी डीएनए 48,502 अक्षरांचा; अक्षरं म्हणजे ए, टी, जी, सी हे डीएनएचे चार रासायनिक घटक. जीवाणूत शिरतो तेव्हा तो सुट्या दोरीसारखा असतो; दोन्ही टोकांना बारा-बारा अक्षरांची एकेरी शेपटी. आत गेल्यावर शेपट्या एकमेकींना चिकटतात आणि दोरीची कडी होते. जीवाणूचा डीएनएही कडीच, फक्त जवळपास शंभरपट मोठी.

लहान कडी मोठीत मिसळते कशी, याचं उत्तर ॲलन कॅम्पबेल यांनी 1962 मध्ये मांडलं. मण्यांच्या दोन माळा घ्या. दोन्ही एकेका जागी तोडा, हिची टोकं तिच्या टोकांना बांधा. एकच मोठी माळ तयार, आणि मणी एकही सांडला नाही!

पण तोडायचं कुठे? जीवाणूच्या डीएनएत गॅलॅक्टोज ही साखर पचवणारी जनुकं आणि बायोटिन हे जीवनसत्त्व बनवणारी जनुकं यांच्या मधोमध एक जागा आहे. तिथली पंधरा अक्षरं लॅम्डाकडेही जशीच्या तशी आहेत: जी-सी-टी-टी-टी-टी-टी-टी-ए-टी-ए-सी-टी-ए-ए. विषाणूचं इंटिग्रेज हे विकर दोन्हीकडे तिथेच काप घेतं. डीएनएचे दोन पदर समोरासमोर न कापता सात अक्षरांच्या अंतरानं कापतं आणि तुटलेलं टोक सांधा जुळेपर्यंत स्वतःला चिकटवून धरतं. यासाठी डीएनए वाकवावा लागतो. ते काम करणारं प्रथिन चक्क जीवाणूचंच! घरफोडीला घरमालकाची पहार, म्हणा ना.

मग पिढ्यानपिढ्या जीवाणू स्वतःसोबत विषाणूचीही नक्कल काढत राहतो. अतिनील किरणांनी जीवाणूच्या डीएनएची मोडतोड झाली, की विषाणूला झोपवून ठेवणारं प्रथिन तुटतं, लॅम्डा त्याच सांध्यातून सुटतो आणि जीवाणू फोडून बाहेर पडतो.

कॉलऱ्याच्या जीवाणूतला विषाणू तर आणखी बिलंदर. त्याच्याकडे स्वतःचं इंटिग्रेजही नाही. पेशी दुभंगताना अडकलेल्या डीएनएच्या कड्या सोडवायला जीवाणू जी दोन विकरं वापरतो, त्यांच्याकडूनच तो स्वतःला जोडून घेतो. कॉलऱ्याच्या विषाचा शोध शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये कोलकात्यात लावला. त्या विषाची जनुकं मुळात या पाहुण्या विषाणूची आहेत, हे कळायला 1996 उजाडलं.