इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा, एच-इंडेक्स माणसाचा

परवा नेरूळला आमच्या सोसायटीतले काका घरी आले, काकूंना मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, निघालाय, ऑपरेशन सांगितलंय, आणि मुलाने एका न्यूरोसर्जनचं नाव शोधून त्यांच्या पेपर्सची सात पानी प्रिंट काढून दिलेली. "अगं, यांचा इम्पॅक्ट फॅक्टर 12 आहे, म्हणजे मोठेच असतील ना?" मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आहे, हा घोळ रेसिडेंट्सच्या बायोडेटात पण सारखा बघते, म्हणून एकदा नीट लिहितेय.

डॉक्टरला इम्पॅक्ट फॅक्टर नसतोच. तो जर्नलचा असतो. यूजीन गारफिल्ड यांनी हे माप आणलं ते मुळात कुठली जर्नल्स निवडायची हे ठरवायला. हिशोब सरळ आहे, 2022 आणि 2023 मधे जर्नलने 200 लेख छापले आणि 2024 मधे इतरांनी त्या लेखांचे 600 वेळा संदर्भ दिले, तर 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर 3. आता त्या 600 मधले निम्मे संदर्भ पाच-सहा गाजलेल्या लेखांनीच ओढलेले असू शकतात आणि आपल्या डॉक्टरांच्या लेखाकडे कोणी ढुंकूनही बघितलेलं नसेल, तरी जर्नलचा 3 तो 3च. काकांच्या प्रिंटमधला 12 असाच एका जर्नलचा होता.

एच-इंडेक्स माणसाचा, म्हणजे त्याच्या किती पेपरना निदान तितकेच संदर्भ मिळालेत तो आकडा. होर्हे हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने 2005 साली काढला. मी प्रिंटच्या मागेच पेन्सिलने करून दाखवलं. समजा सात पेपर आहेत आणि त्यांना 60, 22, 9, 5, 4, 1, 0 असे संदर्भ मिळालेत. वरून मोजत यायचं, चौथ्या पेपरला निदान चार आहेत का, आहेत, पाचव्याला पाच आहेत का, नाहीत, चारच आहेत. मग एच-इंडेक्स 4. पहिल्या पेपरचे 60 चे 6000 झाले तरी 4च राहणार!

आणि हे माझ्या मनाला खरंच लागतं, कारण न्यूरोमधली सगळ्यात मोलाची कामं कधीकधी एकाच पेपरात असतात. 1957 चा स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा पेपर घ्या, फिट्ससाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा भाग काढला आणि एच.एम. या पेशंटला नवीन काही लक्षातच राहीना, स्मरणशक्तीचा अख्खा अभ्यास त्यावर उभा राहिला. एक सर्जन, एक मानसशास्त्रज्ञ. किंवा 1974 चा टीझडेल आणि जेनेट यांचा लॅन्सेट या जर्नलमधला पेपर, ज्यातून पेशंट किती शुद्धीत आहे ते मोजणारा ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस) आला, आज अपघाताचा पेशंट कॅज्युअल्टीत आला की "जीसीएस किती?" हे आधी विचारतात. हजारो वेळा संदर्भ दिलेले पेपर, पण एच-इंडेक्समधे प्रत्येकाची भर एकाचीच.

अजून एक, न्यूरोसायन्सच्या लॅबवाल्याचा आकडा आणि न्यूरोसर्जनचा आकडा शेजारी ठेवू नका. लॅबवाले जगभर भरपूर, एकमेकांचे संदर्भही भरपूर देतात, सर्जरीचं जग लहान आणि सर्जनचा दिवस ओटीत जातो, त्यामुळे तिथला साधा दिसणारा आकडासुद्धा चांगला असू शकतो. वय पण बघा, एच-इंडेक्स कधी खाली येत नाही, म्हणून सीनियर माणसाचा जास्तच दिसणार. पेपर आणि त्यांचे संदर्भ मोजणाऱ्या साइट्स वेगवेगळ्या आहेत, गूगल स्कॉलरवर तो स्कोपसपेक्षा बहुतेक वेळा जास्त येतो कारण स्कॉलर थिसिस, पुस्तकं सगळंच धरतो. आणि आपल्याकडे "पाटील एस" किती असतील विचार करा, भलत्याच पाटलांचे पेपर यादीत घुसतात, म्हणून ऑर्किडचा (ORCID, प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख) सोळा आकडी नंबर असेल तर त्यावरून बघावं.

काकांच्या यादीत मी बाकी काही न बघता मेनिंजिओमाचे पेपर शोधले. तीन निघाले, त्यातल्या एकात स्वतःच्या पेशंट्सचा ऑपरेशननंतरचा फॉलोअप दिलेला, किती जणांना परत गाठ आली ते पण लिहिलेलं. तो मी पेनने गोल केला. काकांनी चष्मा पुसला आणि त्याच कागदावर, माझ्या पेन्सिलच्या आकड्यांखाली, ओपीडीत विचारायला म्हणून लिहून घेतलं: अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता, काकूंचं तुम्ही स्वतः करणार का.