‘पोर्तुगीज घर’ म्हणजे कुणाचं? तोर्ड्याच्या संग्रहालयामागची गोष्ट

बार्देश तालुक्यातल्या साल्वादोर द मुंद गावात, तोर्ड्याला, रस्त्यांच्या बेचक्यातल्या त्रिकोणी तुकड्यावर जहाजाच्या आकाराची इमारत आहे. गोव्यातल्या घरांचं हे संग्रहालय एका वास्तुविशारदाने या शतकाच्या सुरुवातीला उभारलं. दारं, खिडक्या, कठडे, फरशा असं बरंच काही तिथे जवळून पाहता येतं.

तिसवाडी १५१० मध्ये आणि बार्देश, सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. फोंडा, सत्तरी, पेडणे हे भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. आज दिसणारे मोठे वाडे मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत, आणि त्यांनाच सरसकट ‘पोर्तुगीज घर’ म्हणतात.

हा शब्द मला खटकतो. कमानी, खांब, पाहुण्यांसाठी सजवलेलं दिवाणखान्यासारखं ‘साल’ युरोपातून आलं, हे खरंच. पण भिंती इथल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, गिलावा चुन्याचा, हात इथल्या गवंड्या-सुतारांचे. काच परवडत नव्हती तेव्हा खिडक्यांना पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवले. ऊन गाळून आत येई. हिंदू घर राजांगणाभोवती, म्हणजे आतल्या चौकाभोवती, तुळशीकडे तोंड करून बसलेलं. ख्रिस्ती घराने तोंड रस्त्याकडे वळवलं, तरी कित्येक घरांत मागे चौक राहिलाच. आणि बाल्कांव! दारापुढच्या पायऱ्या, समोरासमोर बांधलेले सोपे म्हणजे बसायची बाकं, संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा. आजच्या पोर्तुगीजमध्ये याच शब्दाचा अर्थ दुकानातलं काउंटर असाही होतो. ज्यात गोंयकार बसला, ते बाल्कांव इथेच घडलं.

छपरांचंही तसंच. जुने नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, जाऊन आलेली लाल कौलं मंगळूरची. तिथे १८६५ मध्ये जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी कारखाना काढला. लिस्बनचा त्यात काय संबंध?

१९६१ नंतर ‘पोर्तुगीज’ या शब्दाला बाजारभाव आला. या घरांचे वारस मुंबई, लिस्बन, आखातात पांगलेले. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या गोव्यातल्या वारसा नियमांत सगळ्या मुलांचा वाटा असल्याने विक्रीला अनेकांच्या सह्या लागतात. त्यात वर्षानुवर्षं कुलूप राहतं, कौलं सरकतात, चिऱ्यांत पाणी मुरतं. मग बाहेरचा कुणी ‘पोर्तुगीज व्हिला’ म्हणून घर विकत घेतो आणि शिंपल्यांची तावदानं काढून सरकत्या काचा बसवतो.