स्वप्नस्मरण आणि सजग स्वप्ने

झोपेत पडलेले स्वप्न जागे झाल्यावर आठवणे म्हणजे स्वप्नस्मरण. ‘हे स्वप्न आहे’ असे भान स्वप्न चालू असतानाच येते, तेव्हा त्याला सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम म्हणतात. ते शिकू पाहणाऱ्याला आधी स्मरण कमवावे लागते. रात्री भान आले आणि सकाळी त्याचा मागमूस उरला नाही, तर सराव फळला की नाही हेच कळत नाही. सजग स्वप्नांवर दीर्घकाळ संशोधन करणारे स्टीफन लाबर्ज यांचा सल्लाही असाच आहे: रात्रीचे किमान एक स्वप्न नेमाने आठवू लागल्यावरच पुढच्या तंत्रांकडे वळावे.

‘मला स्वप्ने पडतच नाहीत’ असे अनेकजण मनापासून सांगतात. त्यातल्या बहुतेकांना स्वप्ने पडतात, पण ती टिकत नाहीत. 1953 मध्ये युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलण्याच्या झोपेची, म्हणजे रेम झोपेची, नोंद प्रसिद्ध केली. या झोपेतून माणसाला उठवले, तर बहुतेक वेळा तो चालू असलेले स्वप्न सांगू शकतो. तेच स्वप्न सकाळपर्यंत मात्र विरून जाते. रेम झोपेत मेंदूतील नॉरएपिनेफ्रिनची पातळी अगदी खाली असते. अनुभव पक्का साठवण्यात या द्रव्याचा मोठा वाटा असल्याने नवी आठवण कच्ची राहते, असे मानले जाते. ज्यांना स्वप्ने वारंवार आठवतात, ते रात्री झोपेच्या अधेमधे अधिक वेळ जागे असतात, असेही फ्रान्समधील अभ्यासांत दिसले. या छोट्या जागेपणातच स्वप्नाची आठवण पक्की होत असावी.

विसरण्याचे दुसरे कारण जाग आल्यानंतरचे आहे, आणि शिकणाऱ्याच्या हातात असलेले तेवढेच. 1973 च्या एका प्रयोगात काही जणांना उठल्याबरोबर हवामानखात्याला फोन करून त्या दिवसाचे तापमान टिपायला सांगितले आणि मग स्वप्न लिहायला लावले. इतरांनी तोवर शांत पडून राहायचे होते. फोन करणाऱ्यांना स्वप्नातला मजकूर कमी आठवला. सिग्मंड फ्रॉइड यांनी स्वप्न विसरण्याचा संबंध मनाने नकोशा गोष्टी दडपण्याशी जोडला होता. साध्या लक्षविचलनानेही विस्मरण घडते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. उशाशी ठेवलेला मोबाइल उठताक्षणी पाहणे हे त्या फोनचेच आजचे रूप होय.

म्हणून जाग आली की हलू नये, डोळे उघडू नयेत. ‘आज काय कामे आहेत’ याऐवजी ‘आत्ता मनात काय चालले होते’ हा प्रश्न आधी विचारावा. प्रसंग आठवला नाही तर निदान भावना धरून ठेवावी: भीती, घाई, कुणाची तरी ओढ. शेवटचे दृश्य हाती लागले, तर त्याच्या आधी काय घडले असे विचारत मागे मागे जावे. काहीच येत नसेल, तर हळूच कूस बदलून ज्या कुशीवर आपण एरवी झोपतो तिच्यावर थोडा वेळ पडून पाहावे. अनेकांना याचा उपयोग होतो. मग अंधारातच दोन-चार शब्द खरडावेत, सविस्तर नंतर स्वप्नवहीत लिहावे. आठवणीतला तुकडा क्षुल्लक वाटला तरी तो गाळू नये, कारण धागा बहुधा त्यालाच जोडलेला असतो.

वेळेचे गणितही महत्त्वाचे. झोपेचे एक चक्र साधारण 90 मिनिटांचे असते आणि पहाटेकडे रेम झोपेचे टप्पे लांबत जातात. आठ तासांऐवजी सहाच तास झोपणारा नेमका स्वप्नांनी भरलेला भाग गमावतो. स्वप्नवही कितीही चोख ठेवली तरी ही तूट भरून निघत नाही. मद्यपानामुळे रात्रीच्या पूर्वार्धात रेम झोप दबते. काही नैराश्यविरोधी औषधांचाही तसा परिणाम होतो, पण त्यासाठी औषध स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. ‘ब-6’ जीवनसत्त्वाने स्मरण वाढल्याचे 2018 च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात आढळले. मात्र मोठ्या मात्रेत ते दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

वहीचा खरा उपयोग पुढे कळतो. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच सरदार मार्की द’हर्वे द सँ-दनी यांनी किशोरवयातच स्वप्ने टिपायला सुरुवात केली आणि त्या नोंदींच्या आधारे 1867 मध्ये स्वप्ने सजगपणे वळवण्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नोंदी साठत गेल्या की त्यांत परत परत येणाऱ्या गोष्टी दिसू लागतात: हयात नसलेली माणसे, जुनी शाळा, न चालणारी यंत्रे. या स्वप्नखुणा. लाबर्ज यांचे ‘माइल्ड’ तंत्र त्यांच्यावरच उभे आहे. पहाटे जाग आल्यावर नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे, त्यातली खूण ओळखायची, ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते ओळखायचे’ असा संकल्प करायचा आणि त्याच स्वप्नात आपल्याला भान आल्याची कल्पना करत झोपी जायचे. स्वप्नच आठवले नाही, तर या तंत्राला कच्चा मालच उरत नाही.

स्मरण वाढले की वाईट स्वप्नेही अधिक आठवतात. त्यांचा त्रास होऊ लागला किंवा रात्री मुद्दाम उठण्याने दिवसा झोप येऊ लागली, तर सराव काही काळ थांबवावा. स्वप्न आणि वास्तव यांत गोंधळ होण्याचा, अथवा सायकोसिसचा (वास्तवाचे भान सुटणाऱ्या मनोविकाराचा), पूर्वेतिहास असणाऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तो सुरूच करू नये.